कुमुदिनी परत आली ते बरे की वाईट

नृसिंहराव तिसगावकर नगरच्या कोर्टात रेकॉर्ड कारकून होते, पण त्यांचा खरा मान होता तो त्यांच्या डोळ्यांचा. जुना मोडी कागद पुढे टाकावा आणि त्यांनी तो उजेडाकडे धरून सांगावं, की हे अक्षर ज्याचं म्हणून दाखवताहेत त्याचं नव्हेच. पाथर्डीकडच्या एका वाटणीपत्रात मेलेल्या काकाचा म्हणून दाखवलेला हात त्यांनी जिवंत पुतण्याच्या मनगटाला नेऊन भिडवला होता. तेव्हापासून वकीलमंडळी त्यांना नमस्कार करताना जरा जास्तच वाकत. माणूस खोटं बोलतो, अक्षर बोलत नाही, असं ते म्हणत. आता ज्याला उठल्यापासून निजेपर्यंत खोटं शोधायची सवय लागली, तो खरं समोर आलं तरी आधी त्याचे कागदपत्र मागणार, हे ओघानंच आलं.

साल चव्वेचाळीसचं. किल्ल्यात बडे पुढारी कोंडलेले, छावणीत गोरे सोजीर, आणि बाजारातला प्रत्येक दुसरा माणूस साध्या वेशातला पोलीस असावा असं प्रत्येक पहिल्या माणसाला वाटे. कागद तर औषधालाही मिळेना. नृसिंहराव ज्या छोट्या वाचनालयाचे चिटणीस होते तिथली अभिप्रायांची वही भरली, आणि दुसरी काही आली नाही. तेव्हा त्यांनीच तोड काढली. वाचकांनी आपला अभिप्राय पुस्तकाच्याच मागच्या कोऱ्या पानांवर लिहावा. पेन्सिलीनं, थोडक्यात, आणि नाव न घालता. नाव घातलं की भांडणं होतात, हा त्यांचा अनुभव. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सगळ्यात जास्त शेरे पडले ते ‘कुमुदिनीचा नकार’ या कादंबरीवर. पुस्तक जुनं, वीसेक वर्षांपूर्वीचं, चार आवृत्त्या निघालेलं. गोष्ट एवढीच, की कुमुदिनी नावाची नर्स एका बॅरिस्टरच्या प्रेमात पडते, तो लग्नानंतर नोकरी सोड म्हणतो, आणि ती नोकरी न सोडता त्याला सोडते. दूरच्या गावी जाऊन बारा वर्षं दवाखाना चालवते. नाव होतं, मान होतो. आणि शेवटच्या प्रकरणात, कुणी बोलावलेलं नसताना, ती आपणहून त्याच्याकडे परत येते. या परत येण्यावरून नगरात दोन तट पडले.

अक्षरं ओळखण्यात नृसिंहरावांचा हात धरणारा कुणी नसल्यामुळे नाव नसलं तरी कुणाचा शेरा कुणाचा हे त्यांना पहिल्या नजरेत कळे. ‘नायिकेला बाप असता तर कादंबरी सोळा पानांत आटोपली असती,’ हे सूर्यभान वकील. ‘भाषा शुद्ध, विचार अशुद्ध,’ हे पेन्शनीत निघालेले नारायणराव हेडमास्तर. ‘बॅरिस्टरसाहेबांची दया येते. बारा वर्षे जेवणाचे हाल झाले असणार,’ हे छावणीतल्या स्टोअरचे रंगनाथपंत. त्यांच्या बायकोनं त्यांना गेल्याच वर्षी सोडलं होतं. ‘पान १४० ते १५५ फार सुंदर, दोनदा वाचली,’ असं कुणी लिहिलं होतं, आणि त्याखाली हेडमास्तरांनी पुन्हा येऊन, ‘सदर पानांवर डाग पडले आहेत, चिटणिसांनी चौकशी करावी,’ अशी मागणी नोंदवली होती. नृसिंहराव हे सगळं चवीनं वाचत. कादंबरी मात्र त्यांनी वाचली नव्हती. बायकांच्या डोक्यात वारं भरणारी पुस्तकं चिटणिसानं ठेवावीत, वाचू नयेत, असं त्यांचं मत होतं.

फाल्गुनात बांधणीला टाकायची पुस्तकं निवडताना ‘कुमुदिनी’ पुन्हा त्यांच्या हाती आली. शेवटचं पान त्यांनी सवयीनं उलटलं आणि त्यांचा हात तिथेच राहिला.

‘कुमुदिनी परत आली हे बरे केले. जी आपल्या पायांनी जाते तिलाच आपल्या पायांनी परत येता येते.’

अक्षर इंदूचं होतं. त्यांच्या बायकोचं. देवळाली प्रवऱ्याची मुलगी, व्हर्नाक्युलर फायनल झालेली, गोल आणि किंचित उजवीकडे कललेलं अक्षर. घरचं वाणसामान याच अक्षरात लिहून येत असे. बरं, बायकोनं शेरा लिहिला, ठीक आहे. वाचनालयाचे नियम सगळ्यांना सारखे. पण त्याखाली मोडीत, अगदी जुन्या वळणाच्या, घोटीव, एका दमात काढलेल्या मोडीत कुणीतरी तिला उत्तर दिलं होतं.

‘परत यायला घर कोणाचे? ज्या दाराची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला, ते घर नव्हे, मुक्काम.’

त्याखाली इंदू: ‘मग काय जन्मभर एकटे राहावे? माणसाला माया लागते.’

त्याखाली मोडी: ‘लागते. पण ती कोणाला न दाखवता एका छपराखाली राहता येते. अनुभव आहे.’

आणि सगळ्यात शेवटी पुन्हा इंदू: ‘आपण कोण ते ठाऊक नाही. पण आपले वाचून दोन दिवस जेवण गेले नाही. आणखी लिहावे.’

नृसिंहरावांनी पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा वाचलं. आणखी लिहावे! सहा वर्षांच्या संसारात त्यांचं काही वाचून, ऐकून किंवा पाहून इंदूचं जेवण गेलं नाही असं एकदाही झालं नव्हतं. ते पुस्तक त्यांनी बांधणीच्या ढिगात टाकलं नाही. कोटाच्या आत धरून ते देवघेवीच्या वहीकडे गेले.

वही म्हणजे नुसत्या तारखा. पण तारखा काय कमी बोलतात? कार्तिकात पुस्तक त्यांच्याच घरी गेलं होतं. मग शामकांत देव. मग पुन्हा त्यांचं घर. मग पुन्हा शामकांत देव. मग तिसऱ्यांदा त्यांचं घर. शामकांत त्यांच्याच रेकॉर्डखोलीतला उमेदवार कारकून, वय पंचवीस, अविवाहित, आणि कोर्टात त्यांच्याखालोखाल उत्तम मोडी लिहिणारा. संक्रांतीला तिळगूळ द्यायला घरी आला तेव्हा इंदूनं त्याला विचारलं होतं, “भावजी, हल्ली काय वाचताय?” हा प्रश्न तेव्हा साधा वाटला होता. आता त्यांना तो साधा वाटेना.

वाचनालयाचा शिपाई भिमाजी घरोघरी पुस्तकं पोचवत असे, कारण बायका वाचनालयात येत नसत. नृसिंहरावांनी त्याला बाजूला घेतलं.

“हे पुस्तक आमच्या घरी तीनदा गेलं. कुणी मागवलं?”

“घरनंच सांगावा आला, सायेब.”

“घरून म्हणजे कुणाकडून?”

“मागल्या दारी गेल्तो. आतनं आवाज आला, ते कुमुदिनीचं पुस्तक पुन्यांदा घिऊन ये म्हनून. बाईमानसाचा आवाज हुता.”

“बाई कोण?”

“आता मी काय दारात मान वर करून बघतोय व्हय?” भिमाजी दुखावला. “आमाला न्हाई तसली सवय. पुस्तक दिलं, पुस्तक घेतलं.”

“आणि शामकांतकडून पुस्तक थेट आमच्याकडे गेलं?”

“व्हय. त्यांनीच सांगितलं, चिटनीससायबांच्या घरी हे लई वाचत्यात, तिकडंच टाक.”

लई वाचतात! नृसिंहरावांच्या कानात ते दोन शब्द घरापर्यंत वाजत राहिले.

त्या दिवसापासून नृसिंहराव आपल्याच घरात पाहुण्यासारखे वावरायला लागले. घरात माणसं तीन: ते, इंदू आणि त्यांची थोरली विधवा बहीण अंबिका, जिला ते अक्का म्हणत. अक्का म्हणजे लाल आलवण, सोवळं-ओवळं, आणि सकाळी पोथीचा एक अध्याय. तिचं बोलणं म्हणजे मीठ संपलंय, उद्या एकादशी आहे, ओवळ्यानं शिवू नकोस. तिच्याकडून लक्ष ठेवलं जात असेलच, या भरवशावर ते इतकी वर्षं निश्चिंत होते. आता तो भरवसाही त्यांना पुरेना. इंदू खिडकीशी उभी राहिली की खिडकीतून काय दिसतं ते ते जाऊन पाहत; दिसायची ती समोरच्यांची म्हैस. ती गुणगुणली तर का, आणि गप्प राहिली तर कुणासाठी? एकदा तिनं आमटीत मीठ दोनदा घातलं, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली. पूर्वी ते अशा आमटीला नावं ठेवत. त्या दिवशी ती त्यांनी पुरावा म्हणून मुकाट्यानं खाल्ली.

कोर्टात त्यांनी शामकांतला बोलावलं. “हा जुना कागद जीर्ण झालाय. मोडीत स्वच्छ नक्कल करून दे.” पोरगा आनंदानं बसला. पेन्सिल मुद्दाम नृसिंहरावांनीच दिली, कारण शेरे पेन्सिलीतले. लिहिता लिहिता शामकांत म्हणाला, “रावसाहेब, चैत्रात वाचनालयात सभा ठेवू या का? विषय, कुमुदिनी परत आली ते बरे की वाईट. मी बोलणार आहे, म्हणून तर दोनदा पुस्तक नेलं. आणि वहिनींनी निबंध पाठवला तर आपण तो वाचून दाखवू.”

“वहिनी निबंध लिहितात हे तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. मागच्या पानावर एका बाईंचं मत आहे, ते मला त्यांचंच असावं असं वाटलं. फार नेमकं आहे.”

नृसिंहरावांनी नक्कल हातात घेतली. घरी जाऊन शेऱ्याशेजारी ठेवली. तासभर पाहिली. अक्षर जुळत नव्हतं. शामकांतची मोडी टपोरी, शाळेत शिकलेली, ओळीओळीत हवा खेळणारी. शेऱ्यातली मोडी दाट, जुनी, बोरूवर वाढलेली. दुसऱ्या कुणाचं प्रकरण असतं तर नृसिंहरावांनी त्याच क्षणी शामकांतला सोडून दिलं असतं. पण इथं प्रकरण त्यांचं होतं. संशयाला पुरावा मिळाला नाही की तो पुराव्यावरच संशय घेतो. त्यांनी ठरवलं, की हा पोरगा पक्का आहे. शेरा लिहिताना जुन्या वळणाचं सोंग घेतलंय. अक्षर खोटं बोलत नाही म्हणणाऱ्या माणसाला आता अक्षर खोटं ठरवायची गरज पडली, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी खोलीचं दार लावलं आणि पुस्तक इंदूसमोर टाकलं.

“हा कोण?”

इंदूनं पान पाहिलं. आधी तिला हसू आलं. मग त्यांचा चेहरा पाहून ते गेलं. “मला माहीत नाही.”

“माहीत नाही? आणि जेवण गेलं नाही दोन दिवस!”

“खरंच गेलं नाही. माझं म्हणणं असं कुणी कधी खोडून काढलं नव्हतं. म्हणजे, मला म्हणणं आहे असं धरून.”

“परक्या माणसाला लिहितेस? ‘आणखी लिहावे’?”

“तुम्हीच सांगितलंत ना, मागच्या पानावर लिहा म्हणून? वाद कुमुदिनीवर चाललाय. तुम्ही पुस्तक वाचलंत का?”

“मला ते वाचायची गरज नाही.”

“मग मागची दोन पानं वाचून तुम्हाला काय कळणार?” इंदूचा आवाज चढला, तसा तिनं तो खाली आणला, कारण स्वयंपाकघरात अक्का होती. “अहो, मी खरं सांगते. कोण लिहितंय ते मला ठाऊक नाही.”

“एका छपराखाली राहता येतं म्हणतोय तो! कोर्टाचं एकच छप्पर आहे, मी आणि शामकांत त्याच्याखाली बसतो. अनुभव आहे म्हणे!”

संताप इंदूला एवढा आला, की तो तोंडातून निघेचना. शेवटी ती एवढंच म्हणाली, “शामकांतभावजींचं नाव काढलंत. आता मी काही सांगत नाही.”

“नकोच सांगू. उद्या दुपारच्या गाडीनं देवळालीला जायचं. राहुरी स्टेशनवर तुझा भाऊ येईल, तार करतो. सोमवारी कमिटीपुढे मी सगळं ठेवणार आहे. त्या पोराला वाचनालयातून काढल्याशिवाय राहणार नाही, आणि नोकरीचंही बघतो.”

हे बोलून ते बाहेर पडले. त्यांना एक प्रकारचं समाधानही वाटत होतं. चोर सापडला नव्हता, तरी शिक्षा ठरली होती.

रविवारी सकाळी ते कमिटीसाठी टिपण लिहायला बसले. मुद्दा अवघड होता. शामकांतनं जुन्या वळणाचं सोंग घेतलं हे दाखवायचं, तर अस्सल जुनं वळण शेजारी ठेवायला हवं. आणि असं अस्सल वळण त्यांच्या घरात होतं. आप्पांचं. त्यांचे वडील तिसगावचे कुलकर्णी. ते गेले तेव्हा नृसिंहराव सहा वर्षांचे. मूळ कागद सरकारात जमा झाले, घरी राहिल्या त्या आप्पांच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांतल्या नकला, लाल रुमालात बांधलेल्या. याच कागदांवर बोट फिरवून नृसिंहराव मोडी शिकले. यांच्यावरूनच अक्षराची पारख आली. कुणी त्यांच्या डोळ्यांची स्तुती केली की ते म्हणत, “वडिलांची देणगी आहे.” दसऱ्याला त्या दप्तराची पूजा होई.

त्यांनी रुमाल सोडला. एक कागद निवडला, पुस्तकाशेजारी मांडला, आणि फरक टिपून घ्यायला पेन्सिल उचलली.

फरक नव्हता.

त्यांनी दुसरा कागद काढला, मग तिसरा. ओळीच्या शेवटी तोच छोटा झटका. हात न उचलता अर्धी ओळ काढायची तीच रीत. शब्द संपताना खाली ओढलेली तीच शेपटी. बोरू आणि पेन्सिलीमुळे जाडी तेवढी वेगळी. कोर्टात अशी जुळणी त्यांनी डोळे मिटून शाबीत केली असती. पण आप्पांना जाऊन तीस वर्षं झाली होती, कादंबरी निघून वीस. मेलेल्या माणसानं कुमुदिनीवर मत द्यायचं कसं? मोठी भीती वाटली त्यांना. क्षणभर तर वाटलं, की इतकी वर्षं ज्या डोळ्यांवर आपण जगलो तेच गेले.

“जुळलं ना?”

दारात अक्का उभी होती. हात ओले, पदर खोचलेला. ती नेहमी उंबऱ्याबाहेरून बोलायची. आज आत आली आणि कागदांसमोर खाली बसली.

“नरसू, ते माझं अक्षर आहे. दोन्ही.”

“तुझं? तुला मोडी कुठं येतं?”

“आप्पांचे डोळे गेले तेव्हा आलं.” तिनं एक कागद उचलून लांब धरून पाहिला. “दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. वरच्यांना कळलं तर कुळकर्णपण जाईल म्हणून बोभाटा नाही करायचा. मी चौदाची, कपाळ पुसून माहेरी आलेली. घरात रिकामा हात तेवढा माझाच. सहा महिन्यांत शिकवलं त्यांनी मला. ते सांगायचे, मी लिहायची, खाली ते अंदाजानं सही करायचे. साहेबाचा कॅम्प आला की मी आतल्या खोलीत. तिसगावची अडीच वर्षं सगळी माझ्या हातची आहेत. तू चार वर्षांचा. मांडीवर झोपायचास, आणि मी तुझ्या डोक्यावरून हात लांबवून लिहायची. आप्पा गेले, दप्तर सरकारात गेलं, आणि मी चुलीपुढे गेले.”

“पण मला कधी बोलली नाहीस!”

“तू पूजा करायचास ना दप्तराची. ‘वडिलांचं अक्षर’ म्हणून. तुझं मन कशाला मोडू?”

उभ्या नगराचे हात ओळखणारा माणूस, आणि रोज ज्या हातचं जेवतो तो हात ओळखू आला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं; ते लाजेचं होतं की आणखी कशाचं, हे त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं.

“आणि हे?” त्यांनी पुस्तकाकडे बोट केलं. “हे का लिहिलंस?”

“पोथी वाचता वाचता इंदूचं पुस्तक वाचलं एकदा. मागं तिचं मत पाहिलं. मला ते पटलं नाही, म्हणून लिहिलं. मग तिनं उलट लिहिलं. भिमाजीकडून मीच पुन्हा मागवलं.” अक्का थांबली. “या घरात मी काय बोलते रे? मीठ आणि एकादशी. त्या पानावर मला कुणी विधवा म्हणून वाचत नव्हतं. ‘आपण’ म्हणाली ती मला. ‘आणखी लिहावे’ म्हणाली. जन्मात मला कुणी तसं म्हणालं नव्हतं.”

“काल मी तिला बोललो, तेव्हा का नाही सांगितलंस?”

“सगळं ऐकू येत होतं. भ्याले. लाज वाटली.” अक्कानं मान खाली घातली नाही. “चुकलंच माझं. आत्ता सांगायलाच येत होते, तर तू दप्तर सोडून बसलेला.”

नृसिंहराव उठले. छातीवरची धोंड उतरावी तसं त्यांना झालं, आणि ते जवळजवळ धावतच आतल्या खोलीत गेले. इंदू ट्रंकेत लुगड्यांच्या घड्या ठेवत होती.

“अगं, उलगडा झाला! अक्काच निघाली! ते मोडी अक्षर अक्काचं!”

इंदूनं घडी तशीच हातात धरली. ती त्यांच्याकडे नाही, त्यांच्यामागून आलेल्या अक्काकडे बघत होती.

“वन्सं, तुम्ही?”

“दोन दिवस जेवण गेलं नाही तुझं,” अक्का म्हणाली. “मला दिसत होतं ना. मीच वाढत होते.”

इंदू हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. अक्कानं सोवळ्याचा विचार न करता तिच्या पाठीवर हात ठेवला. नृसिंहराव मध्येच उभे होते. त्यांना आनंद मावेना. घर वाचलं, अब्रू वाचली, शामकांतचीही भानगड मिटली.

“ट्रंक ठेव ती परत माळ्यावर,” ते उदारपणे म्हणाले. “झालं गेलं विसरून जा. माझ्या मनात आता काही नाही. मी सगळं माफ केलं.”

इंदूनं डोळे पुसले. “काय माफ केलंत?”

“म्हणजे, हेच. परक्या माणसाला तू लिहीत होतीस असं मला वाटलं होतं ना.”

“तसंच तर होतं,” इंदू म्हणाली. “वन्सं आहेत हे मला कुठं माहीत होतं? मला वाटत होतं कुणी पुरुष आहेत. जुनं मोडी लिहिणारे, जग पाहिलेले. तरी मी लिहिलं. कारण त्यांचं म्हणणं चुकीचं होतं आणि मला ते खोडायचं होतं. त्यापलीकडे माझ्या मनात काल काही नव्हतं, आजही नाही. मग काल मी वाईट होते आणि आज एकाएकी चांगली झाले, ती कशानं? अक्षर बाईचं निघालं म्हणून?”

“अगं, पण आता शाबीत झालं ना सगळं.”

“आणि शाबीत झालं नसतं तर? अक्षर शामकांतभावजींचंच निघालं असतं तर? मी हेच सांगितलं असतं, आणि तेही इतकंच खरं असतं. मानलं असतंत?”

नृसिंहरावांच्या ओठावर ‘हो’ आलं होतं. एवढंसं अक्षर, म्हणायला काय लागतं? पण इतकी वर्षं खोटे कागद तपासलेला तो माणूस. स्वतःच्या तोंडातला खोटा कागदही त्यांना बाहेर काढायच्या आधीच ओळखू आला. बायको वाट बघत राहिली. तिनं बराच वेळ वाट बघितली, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. ते खोटं बोलले नाहीत, एवढंच त्यांच्या बाजूनं.

मग इंदूनं राहिलेली घडी ट्रंकेत ठेवली आणि झाकण लावलं.

“थांब,” अक्का म्हणाली. “माझी दोन लुगडी टाक त्यात. मीही येते.”

“अक्का! तू कुठं निघालीस?”

“सोबत नको का तिला? एकटी बाई गाडीनं जाईल, आणि तू इथं बसून डब्यात कोण कोण असेल याचा हिशेब करत राहशील.” हे ती रागानं बोलली नाही, मीठ संपल्याचं सांगावं तसं बोलली. “तिसगाव सोडल्यापासून या घराबाहेर एक रात्र राहिले नाही मी. आता राहून बघते. पोळ्या झाकून ठेवल्यात. आमटी तेवढी गरम करून घे.”

टांगा आला. भिमाजीनं ट्रंक वर चढवली, आणि कुणाकडेही मान वर करून न बघता तो घोड्याजवळ जाऊन उभा राहिला. नृसिंहराव अनवाणीच रस्त्यापर्यंत आले. शेजारी खिडक्यांतून बघत होते, आणि प्रत्येक जण आपापल्या परीनं काहीतरी धरून चालला असणार, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

“मी वाचीन ती कादंबरी,” ते म्हणाले. “आजच वाचतो.”

“वाचा,” इंदू म्हणाली.

“पण परत येणार ना तुम्ही?”

इंदूनं अक्काकडे बघितलं, अक्कानं इंदूकडे.

“त्यावर आमचं एकमत नाही,” इंदू म्हणाली, आणि अक्काला हात देऊन तिनं टांग्यात घेतलं.